बंदुकीची शिकवणी

जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्या मास्तराला खासगी शिकवणीचा थोडा तिटकाराच असतो. वर्गांत जें शिकवितां येतें त्यासाठीं निराळे पैसे कशाला, असें आम्ही म्हणत आलों. परंतु एका विद्येच्या बाबतींत इतिहास वाचतांना मला शिकवणीचा पक्ष घ्यावा लागतो. ती विद्या म्हणजे बंदुकीची नेमबाजी.

प्रथम वर्गांतलें शिक्षण पाहूं. अठराव्या शतकांतील पलटणीची कवाईत हें एक प्रकारें वर्गांतलेंच शिक्षण होतें. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान गारदी आपल्या पलटणी घेऊन मराठ्यांकडे आला, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर त्याच्या गारद्यांनीं रोहिल्यांची मोठी हानि केली. त्यांचें सामर्थ्य एका हुकुमासरशीं उडणाऱ्या शेंकडों बारांत होतें, एकेका शिपायाच्या नेमांत नव्हे. इंग्रजांचीही तीच तऱ्हा. त्यांच्या ब्राऊन बेस बंदुकीची नळी आंतून गुळगुळीत असे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणें बहुधा व्यर्थच. म्हणून बंदूक लौकर भरावी, रांग मोडूं नये व हुकूम होतांच चाप ओढावा, एवढेंच शिपायाकडून घोटून घेत. साऱ्या वर्गाकडून एका सुरांत पाढे म्हणवून घ्यावे तसा हा प्रकार. आवाज मोठा होतो, पण कोणाचें कोठें चुकतें हें मास्तराला उमगत नाहीं.

तोंडाकडून भरावयाची बंदूक ही मोठी हट्टी वस्तु होती. दारू मोजून घालावयाची, वर गोळी, मग गजानें ठासावयाचें, आणि शेवटीं कान्यावर रंजक. रंजक पेटली तरी आंतली दारू पेटावयास क्षणभर अवधि लागे, आणि नवशिक्याचा सारा घात त्याच क्षणांत होई. भडक्याच्या धास्तीनें त्याचे डोळे मिटत, खांदा मागें सरे, नळी हलत असे. त्याचें त्याला हें कळत नाहीं. तो बंदुकीला दोष देतो. हा दोष दिसतो तो त्याच्या खांद्याशीं उभ्या असलेल्या गुरूला. चांगला वस्ताद कधीं न सांगतां रिकामी बंदूक हातांत देतो; बार उडत नाहीं, पण नळी मात्र हिसका खाते, आणि शिष्याला आपलें आपणच समजतें.

रांगेंतल्या शिक्षणानें काय होतें याचा पुरावा अमेरिकेंतील यादवी युद्धांत मिळाला. १८६३ च्या जुलैंत गेटिसबर्गची लढाई संपल्यावर रणांगणांतून हजारों बंदुका गोळा केल्या. त्यांपैकीं सुमारें २४ हजार भरलेल्याच होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांत एकावर एक असे दोन बार ठासलेले निघाले! एका बंदुकीत तर २३ बार होते. गोंगाटांत आपली बंदूक उडाली कीं नाहीं हेंच शिपायाला कळलें नव्हतें. हात मात्र पाठ केल्याप्रमाणें चालले होते. उत्तरेकडील सैन्याच्या नेमबाजीचा असा अनुभव घेतलेल्या दोन अधिकाऱ्यांनीं पुढें १८७१ सालीं न्यूयॉर्कमध्यें नेमबाजीची खासगी संस्था काढली, ती नागरिकांना नीट शिकवावें म्हणून.

आमच्याकडे अशी शिकवणी त्याच्या कितीतरी आधीं चालू होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि त्यानंतर लहुजी राघोजी साळवे यांनीं पुण्यांत तालीम चालविली. जातीनें मांग, जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचा. लोक त्यांना लहुजी वस्ताद म्हणत. तेथें दांडपट्ट्याबरोबर निशाण मारणेंही शिकवीत. त्यांच्या शिष्यांत जोतीराव फुले होते. इंग्रजी राज्य उलथून टाकण्याची उमेद आपल्या मनांत होती व त्यासाठींच आपण लहुजींपाशीं ही कसरत केली, असें जोतीरावांनीं १८७३ च्या 'गुलामगिरी'त स्वतःच लिहून ठेवलें आहे. कोणी कोणास विद्या द्यावी याचे निर्बंध ज्या शहरांत इतके कडक, तेथें एका मांग वस्तादाच्या शब्दासरशीं इतर जातींचे तरुण श्वास रोखून उभे राहत, ही गोष्ट मला त्यांच्या नेमापेक्षांही मोठी वाटते. जोतीरावांनीं पुढें बंदूक बाजूला ठेवली आणि १८४८ सालीं मुलींची शाळा काढली. तीही एक शिकवणीच. पण तो निराळ्या भाषणाचा विषय.

लहुजी १८८१ त वारले. त्याआधीं तीन वर्षें, १८७८ सालीं, लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरलें, गोऱ्यांना मात्र मोकळीक. अमेरिकेंत नागरिकांनीं संस्था काढली त्यानंतर सातच वर्षांनीं येथें गुरूच्या हातांतलें साधनच काढून घेतलें गेलें. तालमींतले आखाडे उरले, निशाण गेलें. परवाना असावा याविषयीं माझें दुमत नाहीं. १९५९ च्या आपल्या स्वतःच्या कायद्यानेंही तो ठेवला आहे. दुःख आहे तें कातडीच्या रंगावरून केलेल्या भेदाचें, आणि तुटलेल्या गुरुपरंपरेचें.

ती परंपरा पुन्हा जुळली ती खेळाच्या मैदानावर. कोल्हापूर जिल्ह्यांतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यानें १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें. त्याचें प्राथमिक शिक्षण सरकारी क्रीडाप्रबोधिनींत, म्हणजे वर्गांतच झालें, हें मी प्रांजळपणें सांगतों. पण त्याचा नेम घडविणाऱ्या वैयक्तिक गुरु दीपाली देशपांडे, २००४ सालीं अथेन्सला स्वतः खेळलेल्या. या स्पर्धेंत गुडघ्यावर, पालथें पडून आणि उभें राहून गोळी मारावयाची असते. निशाणावरचें दहाचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर, आपल्या शर्टाच्या गुंडीएवढें, आणि तें पन्नास मीटरांवर.