रणजी करंडकाचा एक मोसम : १९४८-४९

राजकीय नकाशा कांहींहि म्हणो, क्रिकेटच्या नकाशावर आपलें सोलापूर महाराष्ट्र संघाच्या हद्दींत येतें आणि मुंबईचा संघ आपला प्रतिस्पर्धी ठरतो. रणजी करंडकाच्या सामन्यांत प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ असा लागोपाठ दोनदां अंतिम विजय मिळविला. १९४८-४९ सालीं करंडक हातीं आला नाहीं. तरी आज बोलावयाचें आहे तें त्याच मोसमाविषयीं.

डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास काठेवाडविरुद्ध सामना झाला. पाहुण्यांचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. मग दुसऱ्या गड्यासाठीं भाऊसाहेब निंबाळकर व भांडारकर यांची जोडी जमली, ती ४५५ धावांची भर घालूनच फुटली. भांडारकर २०५ धावा काढून परतले. निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटांत ४९ चौकार व एक षट्कार मारून ते नाबाद ४४३ वर पोंचले, तेव्हां संघाच्या धावा चार बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमननें १९३० सालीं सिडनीस काढलेल्या नाबाद ४५२ धावांचा तत्कालीन विश्वविक्रम मोडावयास अवघ्या दहा धावा हव्या होत्या. मधल्या सुटींत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं डाव थांबविण्याचा आग्रह धरला आणि अखेर आपल्या संघासह मैदान सोडलें. त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत काठेवाडांतील संस्थानांचें एकीकरण होऊन जुनी राज्यसत्ता मावळली होती. संघाचें नांव मात्र अजून काठेवाडच होतें.

ठाकोरसाहेबांच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, ५८८ धावांची आघाडी मिळाल्यावर सामन्याच्या निकालासाठीं आणखी धावांची गरज उरली नव्हती. चेंडूमागें धांवून धांवून थकलेल्या गड्यांचा वैतागहि समजण्याजोगा आहे. परंतु जो बाद होत नाहीं त्याच्या धावा मुकाट्यानें मोजणें, हा ह्या खेळांतला मूळ करारच नव्हे काय?

तीन महिन्यांनीं हीच कसोटी महाराष्ट्रावर आली. मार्च १९४९ मध्यें पुण्यासच मुंबईविरुद्ध उपांत्य सामना झाला. मुंबईनें ६५१ धावा केल्या, महाराष्ट्रानें ४०७. आघाडी २४४ धावांची असतांहि मुंबईनें महाराष्ट्राला लगेच पुन्हा खेळावयास न लावतां स्वतःच फलंदाजी केली आणि आठ बाद ७१४ वर डाव सोडला. माधव मंत्री यांनीं द्विशतक काढलें. दत्तू फडकर व उदय मर्चंट यांनीं दोन्ही डावांत शतकें ठोकलीं. विजयासाठीं ९५९ धावा! असा आंकडा फलकावर पाहून कोणाचेंहि अवसान गळालें असतें. आमचे गडी खेळावयास उतरले. पहिल्या डावांत शतक काढलेल्या रेग्यांनीं दुसऱ्यांतहि शतक काढलें, आणि सर्व गडी बाद होईपर्यंत ६०४ धावा जमल्या. सामना ३५४ धावांनीं गेला. चारहि डाव मिळून २३७६ धावा व नऊ शतकें झालीं. माझ्या मतें त्या मोसमांतील महाराष्ट्राचा खरा पराक्रम ह्या ६०४ धावांचाच.

मुंबईनें पुढें अंतिम सामन्यांत बडोद्याला ४६८ धावांनीं हरवून करंडक नेला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदांहि खेळावयास मिळाला नाहीं. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीं, ते वारले. भारतीय फलंदाजाची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील सर्वोच्च धावसंख्या अद्याप ४४३ हीच आहे.