विवेकनिष्ठ मानसोपचार : एका 'च'चा हट्ट

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली उपचारपद्धती मराठीत 'विवेकनिष्ठ मानसोपचार' म्हणून ओळखली जाते. मनोविश्लेषणाचे रीतसर शिक्षण घेतलेल्या एलिस यांना बालपणाच्या आठवणी वर्षानुवर्षे उकरत बसणे निष्फळ वाटू लागले. रुग्ण आज स्वतःशी काय बोलतो, याकडे त्यांनी लक्ष वळवले.

बढती हुकली, ही घटना. माणूस खचला, हा परिणाम. या दोहोंच्या मध्ये एक धारणा दडलेली असते : 'मला बढती मिळायलाच हवी होती, नाही मिळाली, म्हणजे मी नालायक.' मराठीतला तो इवलासा 'च' इच्छेला मागणीचे रूप देतो. असा नियम कुठे लिहिला आहे, असे विचारत उपचारतज्ज्ञ तो ढिला करतो. वाईट वाटणे त्यामुळे थांबत नाही आणि थांबावे अशी अपेक्षाही नसते. थांबते ते स्वतःला निकालात काढणे.

मात्र हे नुसते पटून भागत नाही, कृती लागते. तरुणींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी एलिस यांनी वयाच्या १९व्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात शंभरावर अनोळखी तरुणींशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे ते सांगत. भेटीला होकार एकीनेच दिला आणि तीही आली नाही! भीती मात्र ओसरली.

तीव्र नैराश्यात किंवा आत्महत्येचे विचार येत असताना ही पद्धत एकट्याने घरी वापरण्याची नव्हे. तेथे मनोविकारतज्ज्ञांनाच गाठावे. केंद्र सरकारने २०२२मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.