केवळ करमणुकीसाठी

'फॉर अम्यूझमेंट ओन्ली' हे तीन शब्द अमेरिकेतल्या जुन्या पिनबॉल यंत्रांच्या काचेवर बारीक अक्षरांत छापलेले असतात. केवळ करमणुकीसाठी! आता मला सांगा, कॅरमबोर्डावर कुणी असं छापतं का? भोवऱ्यावर? जो खेळ खेळच आहे, त्याला हे असं शपथेवर का सांगावं लागतं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पण हा चोर होता की नव्हता, यावर या देशात तीस-चाळीस वर्षं भांडण चाललं होतं. सध्या मी तेच भांडण पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन उलगडत बसलोय. शिकागोजवळच्या आमच्या घराच्या तळघरात गॉटलिब कंपनीचं १९६५ सालचं 'किंग्ज अँड क्वीन्स' हे यंत्र पोट उघडून पडलंय. वेन नेयेन्स नावाच्या माणसाने ते योजलं आणि काचेवरची चित्रं रॉय पार्करची. विषय काय, तर पत्ते. राजे, राण्या, बदाम, किलवर... म्हणजे 'आम्ही जुगार नाही हो' असं सांगायचं आणि चित्रं मात्र पत्त्यांची काढायची. यातला विनोद त्यांच्या लक्षात आला नसेल असं मला वाटत नाही.

यंत्राचे फोटो घरच्यांना पाठवले तेव्हा सांगलीहून काकांचा फोन आला. त्यांनी पहिलंच विचारलं, "म्हणजे जत्रेतलं सोरटच की रे हे! पैसा टाकायचा आणि नशीब बघायचं." काकांना फोनवर धड उत्तर देता येईना, कारण खरं उत्तर लांबलचक आहे. म्हणून हा लेख. काका, चहा घेऊन बसा.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. उन्हाळ्याच्या सुट्टीत माळ्यावरून काढायचो ते बगाटेल आठवतंय? हिरव्या रंगाची लाकडी फळी, त्यावर अर्धगोलात ठोकलेले खिळे, आकडे लिहिलेली घरं, आणि उजव्या बाजूला स्प्रिंगचा दांडा. दांडा ओढून सोडला की छर्रा वर जायचा आणि खिळ्यांवर आपटत खाली यायचा. हा खेळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समधला. तिथे तो काठीने खेळत. त्या स्प्रिंगच्या दांड्याच्या पेटंटची गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे. सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी १८७१ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे आपल्या वाड्यातलं बगाटेल आणि माझ्या तळघरातलं हे धूड एकमेकांचे चुलतभाऊच लागतात.

या खेळाचा धंदा झाला तो १९३१ साली. अमेरिकेत महामंदी होती, लोकांच्या खिशात पैसे नव्हते आणि वेळ भरपूर होता. शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने 'बॅफल बॉल' नावाचं टेबलावर ठेवायचं छोटं यंत्र काढलं. किंमत साडेसतरा डॉलर. एक सेंट टाकला की पाच-सात गोळ्या मिळायच्या. पन्नास हजारांहून जास्त यंत्रं खपली. मागणी इतकी, की गॉटलिबकडून पुरेसा माल मिळेना म्हणून रेमंड मोलोनी या वितरकाने स्वतःचंच 'बॅलीहू' काढलं, आणि त्यातून बॅली ही कंपनी उभी राहिली. गल्लीतल्या किराणा दुकानापासून दारूच्या गुत्त्यापर्यंत सगळीकडे ही यंत्रं पोचली.

आणि इथेच काकांचं म्हणणं खरं ठरतं. तोवर या यंत्राला फ्लिपर नव्हते! फ्लिपर म्हणजे खाली असलेले ते दोन छोटे हात, ज्यांनी गोळी परत वर मारता येते. ते नसल्यावर खेळणाऱ्याच्या हातात उरतं काय? दांडा किती ओढायचा ते, आणि यंत्राला दोन्ही हातांनी धरून हळूच धक्का देणं. फार जोरात हलवलं तर खेळ संपवणारी 'टिल्ट'ची युक्ती हॅरी विल्यम्सने १९३०च्या दशकात आणली. माझ्या यंत्रातही ती आहे. गवंड्याचा ओळंबा असतो ना, अगदी तसा ओळंबा एका कड्याच्या मधोमध लटकतो. यंत्र हललं, ओळंबा कड्याला टेकला, की वीज वाहते आणि खेळ खलास. एवढं सोपं आणि इतकं निर्दय उपकरण मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर, जास्त गुण झाले की दुकानदार सिगारेट द्यायचा, चॉकलेट द्यायचा, नाहीतर गुपचूप रोख पैसे. काही यंत्रं तर स्वतःच नाणी ओतायची. सोरटच ते. न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया याच्या हात धुऊन मागे लागले होते. शाळकरी मुलांचे खाऊचे पैसे हे यंत्र खातं आणि ते गुंडांच्या खिशात जातात, हा त्यांचा मुख्य मुद्दा. जानेवारी १९४२ मध्ये शहरात बंदी आली, पोलिसांनी हजारो यंत्रं जप्त केली, आणि महापौरांनी स्वतः घण हातात घेऊन यंत्रं फोडतानाचे फोटो वर्तमानपत्रांत आले. लढाईचे दिवस होते, धातू तिकडे कामाला आला. आजचे पिनबॉलवेडे ला ग्वार्डियांचं नाव काढलं की दात-ओठ खातात. मला विचाराल तर १९४२ साली त्या माणसाचं फारसं चुकलं नव्हतं.

चुकलं ते पुढे. १९४७ साली गॉटलिबच्याच 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्सने सहा फ्लिपर बसवले. पुढच्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकने 'ट्रिपल ॲक्शन'मध्ये सहाऐवजी दोनच ठेवले, तेही अगदी तळाशी, आणि तीच रचना आजतागायत चालू आहे. या कॉर्डेक आजोबांना शंभर वर्षांचं आयुष्य लाभलं, २०१२ साली गेले. फ्लिपर आले आणि खेळ मुळापासून बदलला. आता नजर, हात आणि वेळ साधणं याला किंमत आली. निष्णात माणूस एका नाण्यात अर्धा तास खेळू लागला आणि नवखा दोन मिनिटांत घरी. पण कायद्याच्या पुस्तकातलं यंत्र १९४२चंच राहिलं. गंमत म्हणजे ज्या शिकागोत जवळजवळ सगळी पिनबॉल यंत्रं तयार होत, त्या शिकागोतही बंदी होती! कॉस्टनर ॲव्हेन्यूवरच्या कारखान्यात माझं यंत्र जुळवणाऱ्या बायाबापड्यांना ते शहरातल्या दुकानात उघडपणे खेळता येत नव्हतं.

आता यंत्राच्या पोटात डोकावू, कारण हा सगळा इतिहास तिथे तारांमध्ये गुंतलेला आहे. १९६५च्या यंत्रात चिप नाही, प्रोग्रॅम नाही. आहेत ते ट्रान्सफॉर्मर, कॉइल, रिले आणि पितळी पट्ट्यांचे शेकडो स्विच. पन्नास गुणांचं लक्ष्य लागलं की एक छोटी मोटर फिरते, तिच्या चकतीवरचे खाचखळगे स्विचला पाचदा उचलतात, आणि दहाच्या चक्रीला पाच ठोके मिळतात. घंटाही पाचदा वाजते. यंत्राची स्मरणशक्ती म्हणजे चक्री जिथे थांबली ती जागा. वीज गेली तरी गुण तसेच राहतात.

अशा यंत्राचा नव्वद टक्के आजार म्हणजे धूळ आणि वाळलेलं ग्रीस. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी 'जरा तेल सोडूया' म्हणत तेल सोडलेलं असतं, त्यावर धूळ बसून त्याची काकवी होते. म्हणून पहिला नियम: तेल नाही! स्विचच्या चांदीच्या टोकांवरून अगदी बारीक कानस हलक्या हाताने फिरवायची, मग दोन पट्ट्यांमधलं अंतर डोळ्याने जोखून जुळवायचं. ठिणग्या उडणाऱ्या यंत्रात तेलाचा फवारा मारणं म्हणजे आगीला बोलावणंच. पायरीपायरीने फिरणारी मोजणी-चक्रं पूर्ण सुटी करून स्पिरिटने पुसायची, पुन्हा जोडायची. अशी एक-एक चक्री म्हणजे एक-एक रविवार. बायको म्हणते, देवाची उपकरणी घासायला कधी असा बसला नाहीत. :)

यात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे फ्लिपरची कॉइल. तिला दोन वेढे असतात, एक जाड तारेचा आणि एक बारीक. बटण दाबलं की जाड वेढा पूर्ण जोराने दांडा खेचतो. हात वर पोचला की टोकाचा एक स्विच उघडतो, बारीक वेढा मधे येतो आणि विजेचा प्रवाह एकदम कमी होतो. हात वरच राहतो, पण कॉइल जळत नाही. तो स्विच उघडलाच नाही तर काही क्षणांत जळका वास. खेळाला जुगारापासून सोडवणारा अवयव म्हणजे ही एवढी कॉइल.

मात्र त्याच पोटात दुसरंही एक चक्र आहे. जास्त गुण झाले की यंत्र फुकट डाव देतं, आतला लाकडावर आदळणारा ठोकळा 'ठक्क' करतो आणि काचेवरच्या खिडकीत फुकट डावांचा आकडा एकाने वाढतो. खेळणाऱ्याला त्या आवाजाची नशाच असायची म्हणे. पण कायद्याला हा आकडा खुपायचा. खिडकीत दहा डाव शिल्लक दिसले की ते न खेळता गल्ल्यावर जाऊन त्यांचे रोख पैसे घेता येत. म्हणून काही राज्यांत फुकट डाव हासुद्धा जुगारच ठरला. त्यावर गॉटलिबने १९६० साली 'फ्लिपर' नावाच्या यंत्रात तोडगा काढला: फुकट डाव द्यायचा नाही, चालू डावातच जास्तीची गोळी द्यायची. ती आत्ताच खेळून संपवायची, गल्ल्यावर वटवता येणार नाही. पळवाटच ती, पण काय डोकं चाललं आहे! वकिलांच्या युक्तिवादावर रिलेने दिलेलं उत्तर.

आपल्याकडेही हा वाद जुनाच आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७च्या जुगारबंदी कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट होती, आणि रमीत मुख्यतः कौशल्य लागतं असं भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं. काका, तुमची दर शनिवारची रमी त्यात बसते. पैसे लावत नसाल तर. :)

न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. नगरपरिषदेच्या समितीपुढे सुनावणी होती. पिनबॉल हा कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला रॉजर शार्प या तरुण पत्रकाराला बोलावलं होतं. दोन यंत्रं आणली होती. पहिल्यात काही लबाडी असेल, या शंकेने एका सदस्याने दुसऱ्यावर खेळायला लावलं. शार्प चांगला खेळला, पण समोरच्या माणसाचा चेहरा काही हलेना. मग शार्पने दांड्याला हात घातला आणि आधीच सांगून टाकलं, की आता गोळी वरच्या मधल्या वाटेने खाली येईल. दांडा ओढला, सोडला. गोळी मधल्या वाटेनेच आली. बंदी गेली.

पुढे शार्पनेच कबूल केलं की त्यात नशिबाचाही हात होता. मला मात्र वेगळीच गंमत वाटते. १९४७ नंतर फ्लिपरने हा खेळ बदलला, पण कायदा बदलला तो फ्लिपरने नव्हे. दांड्याने! १८७१च्या, वाड्यातल्या बगाटेलवरच्या, ला ग्वार्डियांनी घणाने फोडलेल्या यंत्रातल्या त्या स्प्रिंगच्या दांड्याने. सोरट म्हणून जो भाग बदनाम झाला होता, त्यानेच साक्ष दिली. मग काकांच्या प्रश्नाला उत्तर काय? दांडा ओढेपर्यंत हुन्नर, सोडल्यावर थोडं नशीब, आणि गोळी खाली आली की पुन्हा हुन्नर. न्यायाधीशाला हे उत्तर चालणार नाही, पण खेळणाऱ्याला ते पटेल.

बंदी उठली तेव्हा माझ्या यंत्राची पिढी संपतच आली होती. १९७७च्या सुमाराला मोठ्या कंपन्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांकडे वळल्या, मागून व्हिडिओ गेम आले. गॉटलिबचं दुकान १९९६ साली बंद झालं, आणि विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल सोडलं.

आता राहिलेल्या कामाबद्दल. काचेच्या मागच्या बाजूचा रंग दिव्यांच्या उष्णतेने पोपडे धरून सुटलाय. तो पुसायला गेलं तर राणीचा चेहराच फडक्यावर येईल, म्हणून तिला हात लावलेला नाही. आतले दिवे तेवढे कमी वीज खाणारे बसवलेत. दोन तारांची जुनी वायर काढून अर्थिंगवाली तीन पिनांची घातली, याबाबतीत जुन्याचा मोह नको. खेळाच्या पाटावर फ्लिपरच्या पुढे रंग उडून लाकूड उघडं पडलंय. कुणी म्हणतं रंगवून टाक, नव्यासारखं होईल. मी ते रंगवणार नाही, वर पारदर्शक लेप तेवढा देईन. गोळी नेमकी कुठून कुठे मारली जात होती, हे त्या उघड्या लाकडावर दिसतं. नशिबाने झीज अशी एकाच जागी होत नसते.

आणि फुकट डावांचं चक्र. घरी आणलेल्या यंत्रात बरेच जण त्याच्या शून्यावरच्या स्विचची पट्टी वाकवून ठेवतात, म्हणजे यंत्राला कायमच डाव शिल्लक आहेत असं वाटतं आणि नाणं टाकावं लागत नाही. मी ती पट्टी वाकवलेली नाही. 'ठक्क' ऐकायचं तर ते कमवायला हवं. दारावरचं भोक दहा सेंटच्या नाण्याचं आहे, तेव्हा इकडे येणाऱ्यांनी खिशात डाइम ठेवावेत. जिंकलेल्या डावांचे पैसे मिळणार नाहीत. चहा मिळेल.