उसना रवंथ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात मला कधी रजा मिळाली नाही. वर्षभर कडब्यावर राबलेल्या बैलाला मालक एका दुपारी पाटीभर पुरणपोळ्या चारतो, वर बाजरीची खिचडी. सकाळी निरोप येतो, "डॉक्टर, बैल रवंथ करंना झालाय." जाऊन पाहावं तर डोळे खोल गेलेले, दात करकर वाजतायत, शेण पातळ आणि आंबूस. डाव्या कुशीवर मूठ दाबली की कोठीपोट भरल्या पखालीसारखं डचमळतं.

सोडा आणि सलाइन मी देत होतोच. पुढचा उपाय मात्र एका धनगर बाबांनी दाखवला. निवांत बसून रवंथ करणाऱ्या म्हशीजवळ ते उकिडवे बसले. घास वर येताना गळ्याच्या डाव्या बाजूला खालून वर लाट सरकते. ती दिसताच त्यांनी एका हातानं म्हशीची जीभ बाजूला ओढली आणि दुसऱ्या हातानं तो हिरवा, वाफाळता घास काढून घेतला. असे तीन-चार घास कोमट पाण्यात कालवून बैलाला पाजले. म्हणाले, "ह्याचा रवंथ हरवलाय, उसना द्यायचा."

हे काही आपल्याच माळरानावरचं शहाणपण नव्हे. स्वीडनमधले शेतकरीही आजारी गाईसाठी निरोगी गाईच्या तोंडातला रवंथ काढून घेत.

शास्त्राला मात्र या घासात काय असतं ते उमगायला शंभरेक वर्षं लागली. 1843 मध्ये फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफों यांनी कोठीपोटातले सूक्ष्म प्राणी पाहिले. 1884 मध्ये जर्मनीत टापायनरनं दाखवलं की चाऱ्यातला काष्ठतंतू जनावर स्वतः पचवत नाही. सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्यातून आम्लं निघतात. पण त्या आम्लांचं पुढे काय होतं? वाया जातात, असंही मानणारे होते.

उत्तर मिळालं दुसऱ्या महायुद्धात, केंब्रिजला. रक्त आणि ऑक्सिजनवरच्या कामानं नाव मिळवलेले जोसेफ बारक्रॉफ्ट निवृत्त झाले होते. 1941 मध्ये, सत्तरीला टेकलेले असताना, त्यांच्याकडे जनावरांच्या शरीरक्रियांवरचं संशोधन सोपवलं गेलं. त्यांनी मॅकअ‍ॅनली आणि फिलिप्सन यांच्यासोबत मेंढीच्या कोठीपोटातून निघणाऱ्या शिरेतलं रक्त तपासलं. त्यात ही उडून जाणारी मेदाम्लं इतर रक्तापेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणजे ती कोठीपोटाच्या भिंतीतूनच रक्तात जात होती. हा निबंध 1944 मध्ये छापून आला. ॲसिटिक आम्लातून दुधातलं लोणी बनतं, प्रोपियॉनिकमधून यकृत साखर करतं, ब्युटिरिक कोठीपोटाच्या भिंतीलाच पोसतं. गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सत्तर टक्क्यांपर्यंतचा वाटा या आम्लांचा. गाय गवत खाते हे माझ्या मते अर्धसत्य आहे. गवत खातात ते जीवाणू, गाय त्यांची आम्लं खाते.

पुरणपोळीचं कोडं 1952 मध्ये सुटलं. अमेरिकेत हंगेट आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांना एकदम भरपूर धान्य चारून पाहिलं. स्टार्च-साखरेवर स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस हा जीवाणू भराभर माजतो आणि लॅक्टिक आम्लाचा पूर येतो. हे आम्ल नेहमीच्या मेदाम्लांच्या सुमारे दहापट तीव्र. त्यात बाकीचे जीवाणू मरतात आणि रवंथ थांबतो.

त्यावरचा उताराही त्याच पोटात असतो. शेफील्डच्या सिडनी एल्स्डन यांनी मेंढीच्या कोठीपोटातून वेगळा केलेला एक जीवाणू लॅक्टिक आम्लावरच जगतो आणि त्याची प्रोपियॉनिक, ब्युटिरिक अशी उपयोगी मेदाम्लं करतो. त्याच्यावरचा त्यांचा निबंध 1956 चा. जीवाणूला पुढे त्यांचंच नाव मिळालं. आज तो मेगास्फेरा एल्स्डेनी. फक्त तो हळू वाढतो. पोळ्याला गाफील सापडलेल्या बैलात त्याची फौज अपुरी पडते.

परदेशात हा जीवाणू आता कॅप्सूलमधून मिळतो. धान्यावर पोसायच्या जनावरांना तो आधीच देऊन ठेवतात. आमची भिस्त खाटकावर. घासभर रवंथ मोठ्या बैलाला पुरतोच असं नाही, तीन-चार लिटर तरी रस हवा. नुकत्याच कापलेल्या म्हशीच्या कोठीपोटातला रस फडक्यातून गाळायचा आणि थर्मास काठोकाठ भरायचे, कारण हवा लागली किंवा रस गार झाला की त्यातले जीव मरतात. मग मोटरसायकल दामटायची. एका वस्तीवर माझ्या हातातले दोन थर्मास पाहून घरच्या बाईंनी कपबशा मांडल्या होत्या.