शरद जोशी : शेतीच्या हिशेबातून खुल्या बाजाराकडे

भारतात खुल्या बाजाराची बाजू मांडणारे बहुतेक अर्थतज्ज्ञ उद्योग, बँकिंग किंवा विद्यापीठांच्या वर्तुळातले होते. शरद जोशी (1935–2015) यांचे शिक्षणही तसेच. जन्म साताऱ्याचा, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी, 1958 मध्ये टपाल सेवेत प्रवेश आणि पुढे स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारीपद. ही नोकरी सोडून ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन त्यांनी शेतीचा काटेकोर हिशेब ठेवला.

हिशेबाचा निष्कर्ष असा : पीक चांगले येऊनही शेती तोट्यात जाते, कारण सरकार भाव पाडते. निर्यातबंदी, लेव्ही, प्रांतबंदी ही त्याची हत्यारे. महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. इतर राज्यांतील विद्यार्थ्यांनी ती अशी समजून घ्यावी : जयपूरजवळच्या चाकसूतील शेतकऱ्याला आपली मोहरी केवळ सरकारी यंत्रणेलाच विकता आली असती आणि राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरला असता, तर काय झाले असते?

कर्जाविषयीची त्यांची मांडणी याच सूत्रातून येते. बँकेच्या वहीत थकबाकी हा कर्जदाराचा दोष असतो. जोशी विचारत, तोटा धोरणानेच लादला असेल तर कर्ज कोणाचे? म्हणून ‘कर्जमाफी’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. माफी गुन्हेगाराला मिळते. त्यांनी ‘कर्जमुक्ती’ हा शब्द रूढ केला. आज सर्वच पक्ष तो वापरतात, बहुधा मूळ अर्थ विसरून.

त्यांच्या विचारात विसंगती आहे का, हा परीक्षेपलीकडचा प्रश्न. 1979 मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. 1980 च्या नाशिक आंदोलनात उसाला टनाला 300 रुपये मिळावेत, अशी मागणी होती. उत्पादनखर्चावर आधारित भाव मागणारा नेता पुढे मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता कसा झाला? टीकाकारांना यात वर्गहित दिसले. मोठ्या बागायतदाराचा फायदा होईल, शेतमजुराचे काय, असे ते विचारत. हा आक्षेप वजनदार आहे. तरीही दोन्ही मागण्यांमागचे निदान एकच होते, असे मला वाटते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत अनुदानाची मागणी नव्हतीच.

1990 च्या दशकात डंकेल प्रस्तावावर हा विचार कसोटीला लागला. कर्नाटकातील नंजुंडस्वामी यांनी प्रस्तावाला कडाडून विरोध केला, तर जोशींनी पाठिंबा दिला. त्यांचा आधार सरकारी आकडेवारीचाच होता. गॅट वाटाघाटींसाठी भारताने मांडलेल्या हिशेबात भारतीय शेतीला मिळणारे किंमत-साहाय्य उणे निघाले होते. ‘उणे सबसिडी’ हा शब्द त्यांनी गावोगाव पोहोचवला. याच काळात, 1994 मध्ये, त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीत त्याला फारसे यश मिळाले नाही.

शेतकरी चळवळीतील ही फूट जोशींच्या मृत्यूनंतरही टिकली. 2020 च्या तीन कृषी कायद्यांना पंजाबमधील संघटनांनी विरोध केला. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेने बाजार खुला करण्याच्या त्यांतील तरतुदींचे समर्थन केले. नोव्हेंबर 2021 मध्ये संसदेने ते कायदे रद्द केले. कांद्यावरील निर्यातबंदी मात्र डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा लागू झाली.