तक्तपोशी (रायगड किनारा)
कौलारू घराच्या माळ्याची लाकडी जमीन. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत तुळयांवर कड्या व त्यांवर फळ्या बसवून ती करतात. काही घरांत फळ्यांवर मातीचा थर चोपून शेणाने सारवतात. हा थर तापलेल्या कौलांची धग खालच्या खोलीत उतरू देत नाही, मात्र तुळयांवर भार वाढवतो.

नव्या बांधकामात फळ्यांखाली उष्णतारोधक भरताना पावसाळी दमटपणा आधी पाहावा लागतो. काचलोकर भिजली की निकामी होते. बंद पेशींचा फोम पाणी फारसे धरत नाही. माळ्यावरची खोली वातानुकूलित असल्यास थंड फळ्यांच्या खालच्या अंगाला दव साचते, म्हणून बाष्परोधक पडदा उष्ण बाजूस, म्हणजे रोधकाच्या खाली लावतात. वाळवी तपासता यावी म्हणून तुळयांची टोके उघडी ठेवतात.