हॅरल्ड कमिन्स आणि तळहातावरील कंगोरे

बोटांच्या पेरांवर, तळहातावर आणि तळपायावर त्वचेचे जे बारीक समांतर उंचवटे, म्हणजे कंगोरे असतात, त्यांचा अभ्यास शरीररचनाशास्त्राची एक शाखा म्हणून उभा करण्याचे श्रेय मुख्यतः अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठातील प्राध्यापक हॅरल्ड कमिन्स (१८९३–१९७६) यांच्याकडे जाते. त्यांच्याआधी हा विषय प्रामुख्याने कचेरी आणि पोलीस यांच्या ताब्यात होता. विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालात करारनाम्यावर हाताचा ठसा घेतला आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा केंद्र सुरू झाले. त्या केंद्राच्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांची मेहनत होती, नाव मात्र एडवर्ड हेन्री यांचे झाले. ठसा कोणाचा, एवढाच प्रश्न या मंडळींपुढे होता. तो तसाच का उमटतो, हे विचारण्याची त्यांना गरज पडली नाही.

हा दुसरा प्रश्न कमिन्स यांनी उचलला. इनेझ व्हिपल यांनी १९०४ मध्ये सस्तन प्राण्यांच्या पंजांच्या तळव्याविषयी जे काम केले होते, त्याचा आधार त्यांना मिळाला. १९२६ मध्ये त्यांनी चार्ल्स मिडलो यांच्यासह या अभ्यासाला ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ असे नाव दिले. त्वचा आणि कोरीव काम अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. केवळ बोटांपुरते न थांबता तळहात आणि तळपाय यांना सामावून घेणारी संज्ञा त्यांना हवी होती. संपूर्ण तळहाताचा ठसा घेणे मात्र बोटाच्या ठशाहून बरेच कटकटीचे काम असते. शाईचा पातळ थर रुळाने सारखा पसरूनही तळहाताचा मधला खोलगट भाग सपाट कागदाला टेकत नाही आणि नेमका तेथेच पांढरा डाग राहतो; म्हणून कागदाला खालून उठाव द्यावा लागतो. तान्ह्या मुलाची मूठ उघडून ठसा घेणे तर आणखी अवघड.

कमिन्स यांचे सर्वांत टिकाऊ काम भ्रूणशास्त्रातले आहे. १९२९ मध्ये त्यांनी मानवी भ्रूणाच्या हातापायांवरील ‘उशां’चा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. या उशा म्हणजे बोटांच्या टोकांशी, बोटांच्या मुळांशी आणि तळव्याच्या कडेला गर्भावस्थेच्या दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागणारे तात्पुरते फुगवटे होत. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास कंगोरे उठू लागतात, तेव्हा उशी किती उंच आहे आणि ती कोणत्या बाजूला कललेली आहे, यावर त्यांची दिशा बऱ्याच अंशी ठरते. उतारावरच्या शेतात सरी-वरंबे जमिनीच्या चढउताराप्रमाणे वळतात, तसाच हा प्रकार आहे. उशी उंच आणि गोलसर असल्यास चक्र, एका बाजूला कललेली असल्यास फास आणि जवळजवळ सपाट असल्यास कमान उमटते. सहाव्या महिन्यापर्यंत ही नक्षी कायम होते. एकसारख्या जुळ्यांचेही ठसे मिळतेजुळते असले तरी तंतोतंत एक नसतात. जी नक्षी जन्मापूर्वीच पक्की झाली, तिच्यावरून मुलाने कोणती शाखा निवडावी हे सांगणाऱ्या चाचण्या आज याच शास्त्राच्या नावाने आपल्याकडच्या शहरांत पैसे घेऊन केल्या जातात, त्यांना कसलाही शास्त्रीय आधार नाही.

गुन्हेशास्त्राशी कमिन्स यांनी नाते तोडले नाही. बनावट ठशांवर १९३४ मध्ये आणि ठसे पुसून टाकण्याच्या प्रयत्नांवर १९३५ मध्ये त्यांनी लेख लिहिले. जॉन डिलिंजर या दरोडेखोराने आम्लाने बोटे भाजून घेतल्याची चर्चा तेव्हा ताजी होती. कंगोऱ्यांची मांडणी वरच्या कातडीखालच्या थरात रुजलेली असल्यामुळे वरवरची जखम भरताच जुनी नक्षी परत येते. ती कायमची बिघडवायला घाव खोल लागतो, आणि मग त्याचा व्रणच ओळखीची खूण होतो. १९४० मध्ये त्यांनी रिबेका राइट केनेडी यांच्यासह चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांच्या १८२३ च्या लॅटिन प्रबंधातील ठशांविषयीचा भाग इंग्रजीत आणला. त्या प्रबंधात बोटांवरील नक्षीचे नऊ प्रकार वर्णिले होते, पण माणूस ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग होईल हे पुर्किन्ये यांनी सुचवले नव्हते.

निरनिराळ्या मानवसमूहांच्या ठशांची तुलना करण्यातही कमिन्स यांचा बराच काळ गेला, परंतु समूहा-समूहांतील फरकापेक्षा एकाच समूहातील व्यक्ती-व्यक्तींतील फरक मोठा असल्याने त्या कोष्टकांतून श्रमाच्या मानाने फारसे हाती लागले नाही. याउलट डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या हातांविषयी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निबंध, शीर्षकातले त्या काळचे शब्द आज अपमानास्पद वाटत असले तरी, वैद्यकाला खरोखर उपयोगी पडला. या मुलांच्या बोटांवर करंगळीच्या बाजूला उघडणारे फास अधिक प्रमाणात आढळतात, आणि तळहातावर कंगोऱ्यांचे तीन प्रवाह जेथे भेटतात तो मनगटाजवळचा त्रिसंगम वर, तळहाताच्या मध्याकडे सरकलेला असतो. लंडनमध्ये लायोनेल पेनरोझ यांनी पुढे हाच सरकाव कोनात मोजण्याची पद्धत रूढ केली. १९५९ मध्ये जेरोम लज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अवस्थेत एक गुणसूत्र जादा असल्याचे दाखवले, त्यानंतर निदानाची जबाबदारी हळूहळू गुणसूत्रांच्या तपासणीकडे गेली. कमिन्स आणि मिडलो यांचा १९४३ चा ग्रंथ मात्र १९६१ मध्ये पुन्हा छापला गेला. बालरोगतज्ज्ञ आजही नवजात बाळाच्या तळहातावर आडवी एकच रेघ आहे का ते पाहतात, पण ती रेघ त्वचेची घडी आहे, कंगोरा नव्हे. ती निरोगी मुलांतही आढळते, आणि तेवढ्यावरून निदान होत नाही.